सॅन दिएगोला निघायचा दिवस

दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवताना अनसाबाईच्या ध्यानात आलं, घरात हर्षदाचा आवाज नाही. एरवी ही पाच वर्षांची पोर उठल्यापासून घर डोक्यावर घ्यायची.

"मामांबरोबर रासाईच्या पाया पडायला गेलीय," बॅगेची चेन ओढत सून म्हणाली.

सुषमा आणि हर्षदा आज वडगाव रासाई सोडून निघणार होत्या. रात्रीचं विमान मुंबईहून होतं. जायच्या दिवशी आजोबानं नातीला देवीला नेलं, तर त्यात वावगं काय? अनसाबाई दशम्या करायला बसली. पण ऊन अंगणात उतरलं, मुंबईला न्यायला ठरवलेली भिमाजीची जीप दारात येऊन उभी राहिली, तरी आजोबा-नातीचा पत्ता नव्हता. आणि देऊळ तर हाकेच्या अंतरावर.

अनसाबाईचा मुलगा शंभू कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात मशिनी जोडायचा. हात चांगला म्हणून कंपनीनं त्याला अमेरिकेतल्या कारखान्यावर पाठवलं होतं. त्याला वर्ष होत आलं. दोन हजार चारची दिवाळी नुकतीच सरली होती. सॅन दिएगो काउंटी हे त्या मुलखाचं नाव. "काउंटी म्हंजी आपल्या जिल्ह्यावानी," त्यानं फोनवर आईला समजावलं होतं. "समुद्राकाठचा मुलूख हाय. बारा महिने लख्ख ऊन."

"उनासाठी एवढ्या लांब गेलास व्हय? हितं काय उनाचा तोटा हाय?" अनसाबाई हसली होती.

तिचे मालक आण्णा मात्र हसले नव्हते. समुद्राचं नाव निघालं की हा माणूस उठून गोठ्यात जायचा.

आता अनसाबाईनं दाराआड पाहिलं. नवऱ्याची काठी नव्हती. खुंटीवरची घोंगडीही नव्हती. देवीला जायला घोंगडी कशाला? आज पहाटेच पुतण्या हौशीरामचा मेंढ्यांचा कळप गावातून हलला होता. दिवाळी झाली की भावकीतली ज्यांनी मेंढरं सोडली नाहीत, ती कोकणाची वाट धरायची. मेंढरं, घोडी, पोरंबाळं, सगळं बिऱ्हाड.

"सुषमा, पोरीला त्यांनी कळपात नेलंय," ती म्हणाली. "चल जीपमधी बस."

सुषमाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ती जागची हलली नाही. "तुमी जावा आत्या. मी हितंच थांबते. दुसऱ्या वाटंनं परत आली तर कोन तरी घरी पायजे."

बोलणं बरोबरच होतं. तरी लेकरू हरवलेली आई अशी बसून राहते? पण विचार करायला सवड नव्हती.

भिमाजीनं जीप पारगावच्या पुलाकडे दामटली. नदी ओलांडून पलीकडे दौंड तालुक्यात शिरायचं, ही कळपाची पिढ्यान् पिढ्यांची वाट. पहिला मुक्काम कुठं पडतो, हे अनसाबाईला झोपेतही सांगता आलं असतं. लग्नानंतर, घरात मेंढरं होती तोवर, दर दिवाळी सरली की तिनं ती वाट पायी तुडवली होती.

पुलावर ऊस भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली कलंडली होती. पाटसच्या कारखान्याला निघालेल्या गाड्यांची मागं रांग लागली होती. भिमाजीनं हॉर्न वाजवून पाहिला, शिव्या घालून पाहिल्या.

"काकी, ही वाट लवकर सुटायची न्हाई. इमान चुकतंय बगा."

"तू हितंच गाडी वळवून ठिव," म्हणत ती उतरली. उसाच्या मोळ्यांवरून, माणसांच्या अंगाला अंग घासत तिनं पूल ओलांडला आणि पलीकडच्या शेताडीत शिरली. वय झालं होतं, गुडघे बोलत होते, पण पायांना वाट ठाऊक होती.

कापणी झालेल्या बाजरीच्या रानात मेंढरं चरत होती. हौशीराम तिला पाहूनच चपापला.

"काकी, मला काय म्हाईत? चुलता म्हनला, पोरीला चार दिवस कळपात राहायचंय. मी न्हाई कसं म्हनू?"

"कुठं हायेत?"

त्यानं बांधापलीकडं हात केला. घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी हर्षदा ऐटीत बसली होती. आण्णांनी लगाम धरला होता. अनसाबाई धापा टाकत आडवी गेली.

"आजे, मी घोड्यावर बसलीय!" हर्षदा ओरडली.

"बसलीस गं बाय," म्हणत तिनं घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं पाहिलं. "अवं, ही काय तऱ्हा? पोरीची आई तिकडं बसलीय. जीप खोळंबलीय."

"जाऊ दे जीप," आण्णा म्हणाले. आवाज खाली होता, पण लगाम त्यांनी सोडला नाही. "शंभूला जायचं तर जाऊ दे. सुनंला जायचं तर जाऊ दे. पोर मी समुद्राला द्यायचो न्हाई. एक दिलीय."

इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकले.

धुरपदा. शंभूच्या आधीची लेक. चालायला लागली होती नुसती. कोकणात, रेवदंड्याच्या अलीकडं, खाडीकाठी कळप बसला असताना तापानं गेली. तिथंच वाळूत खड्डा करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कळप पुढं हलला, कारण मेंढरांना चारा हवा होता. त्या साली परत आल्यावर आण्णांनी मेंढरं विकली आणि शेती धरली. लोक म्हणाले, शेताला पाणी आलं म्हणून धनगर शेतकरी झाला. अनसाबाईला खरं कारण ठाऊक होतं. पण दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत.

"माजी न्हवती व्हय ती?" ती म्हणाली. "मी न्हाई ठिवली तिला माज्या हातानं? मी काय इसरले?"

आण्णांनी लगाम दुसऱ्या हातात घेतला.

"आन् आता मला सांगा, पोरीला घिऊन कुठं चाललाव? हौशीरामाचा कळप कुठं चाललाय?"

आण्णांनी पुढच्या वाटेकडं पाहिलं. घाट, घाटाखाली कोकण, आणि शेवटी तोच समुद्र. पहाटेपासून त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की, पोरीला दूर न्यायचं. कुठं नेतो आहोत, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी हर्षदाला उचलून खाली घेतलं, तिच्या केसांतली काडी काढली आणि पोर अनसाबाईच्या हातात दिली.

"तुमी चला की," ती म्हणाली.

"मला बगवायचं न्हाई."

ती नातीला कडेवर घेऊन पुलाकडं चालू लागली. मागं वळली नाही. वळली असती, तर तिचेच पाय अडले असते.

जीप दारात थांबली, तेव्हा सुषमा ओट्यावर बसली होती. लेकीला पाहून ती उठली, पण धावली नाही. क्षणभर तिचा चेहरा असा पडला की, अनसाबाईला सगळं कळलं. तिनं हर्षदाला भिमाजीकडं दिलं आणि सुनेला घरात ओढलं.

"पोर सापडू नये, आसं वाटत हुतं तुला?"

सुषमा भिंतीला टेकली. "आत्या, इमान चुकावं, एवढंच म्हनत हुते. पोरीला काय व्हनार न्हाई, मामांजवळ हाय, हे म्हाईत हुतं." आणि मग बांध फुटला. "मला भ्या वाटतंय. आता ह्यांनी फोनवर मला बोलायचंसुदिक ठिवलं न्हाई. 'हाय' म्हनलं की म्हनत्यात, 'आहे' म्हण. तिथल्या मराठी लोकांत जायचंय, गावंढळ वाटतं म्हनं. तिथं माजं कोन हाय? दिवसभर घरात बसून मी कुनाशी, कसं बोलू?"

तेवढ्यात फोन खणखणला. शंभूच. तिकडं मध्यरात्र झाली होती, पण तो जागा होता.

"आई, निघाली का ती?"

"न्हाई," अनसाबाई म्हणाली. तिनं रिसीव्हर घट्ट धरला. "आदी माजं आयक. मला तुज्या बापानं कोकणात नेलं, तवा इचारलं न्हवतं. चल म्हनले आन् मी चालले. तुजी बायकू तशी यायची न्हाई. मी तिला इचारनार हाय. ती न्हाई म्हनली, तर तू हिकडं यायचं बगायचं."

"आई, तिकीट..."

"गप. आन् आली, तर तिच्या जिभेला हात लावायचा न्हाई. ती माजी भाषा हाय. तुज्या तोंडात मीच घातलीय ती."

मग शंभू हळूच म्हणाला, "तिला दे."

सुषमानं फोन घेतला. तो काय बोलला, ते अनसाबाईला ऐकू आलं नाही. सुषमा फक्त "हं" म्हणत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "यीन. पन उनाळ्यापतूर. मग मी ठरवीन, राहायचं का न्हाई." आणि फोन ठेवून तिनं डोळे पुसले. "आत्या, दशम्या कुठं बांधल्यात?"

जीप न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली, तोवर ऊन कललं होतं. मागच्या खिडकीतून हर्षदाचा हात हलत होता. धूळ बसेपर्यंत अनसाबाई उभी राहिली. त्या संध्याकाळी आण्णा घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हौशीरामनं कुणाकडून तरी निरोप धाडला, चुलता कळपाबरोबर पुढं येतोय, वाट बघू नका.

आठवडाभरानं सुषमाचा फोन आला. ऊन खरंच लख्ख आहे, पण समुद्राचं पाणी बर्फासारखं गार आहे, असं ती सांगत होती. शेजारी कुणी ओळखीचं नाही, आणि शंभू दोनदा चुकून तिची भाषा सुधारायला गेला, मग जीभ चावून गप्प बसला.

"रमलीस का?"

"अजून न्हाई," सुषमा म्हणाली. "मामा कुठं हायेत? हर्षदा इचारतीय."

"धुरपदाकडं गेल्यात," अनसाबाई म्हणाली, आणि सुनेला धुरपदा कोण, हे सांगायला ती फोन घेऊन उंबऱ्यावर बसली.