एका पाण्याच्या कोंबड्या

गेल्या फाल्गुनापर्यंत आमच्या घरी सकाळ उगवायची ती सुमनच्या जिभेवर. परसातला उजेड अजून राखाडी असायचा, वांग्यांच्या पानांवरचं दव अजून ढळलेलं नसायचं, आणि खुराड्याची फळी सरकवून ती 'ती-ती-ती-ती' अशी हाक द्यायची. टाळूला लागून सुटणारी, शेवटी किंचित वर चढणारी. त्या हाकेसरशी शाळा सुटल्यासारखा कोंबड्यांचा लोंढा बाहेर पडायचा, आणि ओच्यात ज्वारीची कणी घेऊन मधोमध उभी असलेली माझी बायको तांबड्या, काळ्या, पिवळ्या पिसांत गुडघ्यापर्यंत बुडालेली दिसायची. मी ओसरीवर चहा पीत हे बघायचो आणि चहा निवून जायचा.

मानोऱ्याच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर माझी. परस आणि पाखरं तिची. ही वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली आणि तिच्यात ढवळाढवळ करण्याची माझी कधी छाती झाली नाही. बाई मोठी धीट. पिलांना जाळीत कोंडून वाढवणं तिला अजिबात मान्य नव्हतं. अंड्यातून निघाल्यावर थोडे दिवस डालग्याखाली, मग आईच्या मागे मोकळी. उकिरडा, बांध, मेथीचे वाफे, सगळा मुलुख त्यांचा. बांधावरच्या वारुळाची ढेकळं आणून ती परसात फोडायची आणि पिलांना वाळवी टिपायला लावायची. चुलीची राख एका खड्ड्यात साठवून ठेवायची. दुपारच्या संथ, पिवळ्या उन्हात कोंबड्या तिथे पंख पसरून अंघोळ करायच्या आणि राखेचा एक धूसर पडदा परसावर तरंगत राहायचा. आकाशात घार नुसती तरंगली तरी माझा जीव टांगणीला लागायचा, मी हातातलं खुरपं टाकून 'हुर्र हुर्र' करत धावायचो. ती मात्र मान वर करून शांतपणे बघायची आणि म्हणायची, की एखादं पिलू नेईल, तिलाही पोरं आहेतच ना. माझ्या धावण्याची नक्कल ती पाहुण्यांना करून दाखवायची, आणि हुबेहूब करायची, हे मी कबूल केलं पाहिजे.

या सगळ्या पाखरांचं मूळ रिठदला, तिच्या माहेरी. सासरी येताना तिच्या आईनं टोपलीत एक ठिपक्यांची कोंबडी घालून दिली होती, आणि परसात नंतर जे जे काही चोच घेऊन जन्मलं ते त्या एका कोंबडीच्या पोटचं. आई जाऊन आता बराच काळ लोटला. माहेरचं म्हणून सुमनकडे जे उरलं ते हे, चालतं-फिरतं, दाणे टिपणारं. एखादी कोंबडी पाय खरडताना मान तिरपी करून बघायची, तेव्हा ती म्हणायची, माझी आई अशीच बघायची. मी हसायचो, पण सासूबाई खरोखरच तशा बघायच्या.

त्या वंशातली सगळ्यात देखणी कबरी. ती मात्र आमच्या परसात नव्हती. ती होती नाल्यापलीकडे, जुबेदाच्या अंगणात, बटईवर. आमच्याकडे अशी रीत आहे, की आपली कोंबडी शेजारणीला सांभाळायला द्यायची, आणि जी पिलं जगतील ती निम्मी तिची, निम्मी आपली. जुबेदाचं घर नाल्याच्या त्या अंगाला एकटंच. नवरा गाद्या भरण्याच्या कामाला गावोगाव हिंडणारा. सुमन आणि ती, दोघींची मैत्री अशी, की एकीच्या घरी फोडणी पडली तर दुसरीला शिंक यावी. कबरी तिथे पिलं घेऊन बसली होती आणि सुमन दिवसाआड नाला ओलांडून बघून यायची. वरून सावली सरकली की कबरी घशातल्या घशात एक लांब, खोल घरघर करते, आणि पिलं जागच्या जागी पानांखाली विरून जातात. हे ती मला घरी येऊन इतक्या कौतुकानं सांगायची, की जणू नातवंडांनीच पाढे म्हटले असावेत.

माघ संपता संपता आमचा कोंबडा म्हातारा झाला, म्हणून आम्ही बाजारातून नवा आणला. निवड तिचीच. छातीवरची पिसं फुंकून बघितली, पापणी उलटून बघितली, चोचीचा वास घेतला. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीही इतकी चौकशी केली नसेल. कोंबडा तांबडाभडक, ऐटबाज, डोळ्यांत पाणीदार चमक. घरी आणल्यावर तिनं त्याला चुलीभोवती फिरवलं, म्हणजे तो घर विसरत नाही. मग परातीत पाणी घेतलं, त्यात आधी त्याची चोच बुडवली, आणि तेच पाणी एकेका कोंबडीला पाजलं. तिच्या माहेरी असंच करायचे. नवा जीव आला की सगळ्यांनी त्याचं उष्टं पाणी प्यायचं. मग कुणी कुणाला टोचत नाही, सारी एका पाण्याची होतात. परातीत शेवटी जे पाणी उरलं ते तिनं तांब्यात भरलं आणि नाल्याकडे निघाली. कबरी आणि तिची पिलंही आपल्याच घरची, त्यांनी का वेगळं राहावं, असं तिचं म्हणणं. मी मेथीच्या जुड्या बांधत होतो. जाताना ती काहीतरी गुणगुणत होती.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. एका सकाळी तांबडा कोंबडा खुराड्याच्या कोपऱ्यात पंख सांडून उभा राहिला. दुपारी त्याची विष्ठा हिरवी दिसली, आणि संध्याकाळी त्याची मान हळूहळू फिरू लागली, पाठीवरून आकाशाकडे, जणू वर काहीतरी बघायचं राहून गेलंय. मानमोडी. हा शब्द आमच्या भागात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. सुमननं तो उच्चारलाच नाही. नुसती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हातांनी ती मान सरळ धरून ठेवली. सोडली की पुन्हा फिरायची. पुष्कळ वेळ ती तशीच धरून बसली होती.

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत, आणि सांगायची इच्छाही नाही. फाल्गुनातला तो कोरडा, भुरभुरता वारा, पळसाला आलेला रंग, आणि परसात रोज सकाळी हाकेला कमी कमी होत जाणारे पाय. मी बांधाला खड्डे खणत होतो, ती चुना टाकत होती. राखेच्या खड्ड्यात, जिथे त्या अंघोळ करायच्या, तिथेच एक पिवळी कोंबडी निपचित पडलेली सापडली, तेव्हा सुमननं तिला उचललं नाही, मला बोलावलं. तिनं मला परसातल्या कामासाठी बोलावण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी परसात आवाज म्हणून काही उरला नाही. कुठल्या तरी पानाची सळसळ झाली तरी आम्ही दोघं वळून बघायचो.

आणि मग तिला तांब्यातलं पाणी आठवलं.

आठवलं म्हणजे कसं, भाकरी थापताना तिचा हात एकदम थांबला. ते पाणी तिनं जुबेदाच्या अंगणातल्या पसरट मडक्यात ओतलं होतं. पिलं तिथेच होती. पण पिलं पाण्याशी येण्याआधी जुबेदानं चहाला आत बोलावलं आणि ती गेली. बाहेर आली तेव्हा मडकं कोरडं होतं. पिलांनी पाणी प्यायलं की नाही, हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिनं लगेच फोन लावला. जुबेदा म्हणाली, ते पाणी बकरीनं लाथ मारून सांडलं, पिलांच्या चोचीला थेंबही लागला नाही. सुमननं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. जुबेदाला वाईट बातमी सांगता येत नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तिच्या सासऱ्यांच्या मयतीचीही खबर तिनं आम्हाला 'तब्येत जरा नरम आहे' अशीच दिली होती.

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. आधी तिकडच्या पिलांना लशीचे थेंब घालून मग ते आमच्याकडे आले होते. तिकडं आज तरी ठीक दिसतं, म्हणाले, पण महिना-दीड महिना तुम्ही कुणी तिकडे जाऊ नका. हा रोग चपलेच्या तळव्यानंही जातो. झालं. त्या एका वाक्यानं माझ्या धीट बायकोचे पाय बांधले. ती स्वतःच्या पावलांकडे अशी बघू लागली, जणू ती कुणा दुसऱ्याची आहेत. उंबरा ओलांडताना धुवायची, परत येताना धुवायची, टाचांच्या भेगांतली माती काडीनं कोरून काढायची. अशातच एके दुपारी जुबेदा न राहवून, जेवणाचा डबा घेऊन, नाल्याच्या आमच्या काठापर्यंत आली. सुमन धावत कुंपणापाशी गेली, पण गळाभेटीसाठी नव्हे. हात जोडून ती मागे मागे सरकत होती.

"इकडे पाय नको ठेवू वं जुबेदा. माह्या पायाले मरण लागलं हाये."

"काहून भेतं वं सुमन? पिल्लं मस्त चरून राह्यले," जुबेदा म्हणाली, पण डबा दगडावर ठेवून ती तशीच परत फिरली, आणि जाताना पदरानं डोळे पुसत होती हे मी पाहिलं. ते डोळे मैत्रिणीसाठी पुसले की पिलांसाठी, यावर सुमननं संध्याकाळपर्यंत डोकं फोडून घेतलं. जुबेदानं पुतण्याकडून पिलांचा फोटो काढून माझ्या मोबाइलवर पाठवला. सुमननं तो बोटांनी मोठा करकरून बघितला, प्रत्येक पिलाची मान न्याहाळली, आणि मोबाइल माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, हा जुना आहे. मी म्हटलं, अगं, पिलांना पंख फुटलेत, जुना कसा असेल? तर म्हणते, मग दुसऱ्या कुणाच्या तरी कोंबडीचा असेल. हसावं की रडावं, मला कळेना. भीती माणसाला इतकं हुशार करते हे मला ठाऊक नव्हतं.

खरं सांगतो, मीही भ्यायलो होतो, पण कोंबड्यांसाठी नव्हे. आयुष्यभर घाबरण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं. विजेला, सापाला, घारीला, तापाला मी घाबरायचो आणि ती हसायची, आणि त्या हसण्याच्या आडोशाला मी निर्धास्त असायचो. आता तीच दिवेलागणीला परसात उभी राहून नाल्याकडे कान लावायची, चैत्रातल्या त्या लांबलेल्या उजेडात तिची सावली कुंपणापर्यंत जाऊन थांबायची, आणि मला वाटायचं, हिला काही झालं तर मी कुणामागे लपू? डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली. मी म्हटलं, चल, दोघं जाऊन येऊ. ती चपला घालून नाल्यापर्यंत आली, दगडावर एक पाय ठेवला, आणि परत फिरली. तिला पिलांना इजा होण्याची धास्ती होती, की तिथे पिलंच नाहीत हे डोळ्यांनी बघण्याची, ते मी विचारलं नाही. वैशाख तसाच गेला.

ज्येष्ठातली ती सकाळ. झुंजुमुंजू झालं होतं, वारा नाल्याकडून येत होता. सुमन चुलीत काटक्या सारत होती आणि मी बाजाराला न्यायची वांगी पोत्यात भरत होतो. पलीकडून एक आवाज आला. घोगरा, अर्धवट, मध्येच फाटलेला; पोरसवदा मुलानं पहिल्यांदा मोठ्या माणसासारखं ओरडून बघावं आणि स्वतःच दचकून गप्प व्हावं, तसा. थोड्या वेळानं तो पुन्हा आला, या खेपेला जरासा लांब. आसपासच्या सगळ्या घरांतले कोंबडे त्या फाल्गुनात याच रोगानं संपले होते, आणि जुबेदाकडे तर मोठा कोंबडा कधी नव्हताच. म्हणजे हा कबरीचा पोर. म्हणजे ती बाई सुरुवातीपासून खरं बोलत होती.

मी वांगी टाकून मोठ्यानं हसलो. सुमन हसली नाही. ती उठली, राखेनं माखलेल्या हातांनी कुंपणाची काठी धरून उभी राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं; ते तिनं पुसलंही नाही. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा. मग माझ्याकडे न बघताच, लहान पोरीच्या आवाजात तिनं विचारलं,

"अवो, उद्याबी बांग देईन ना तो?"

देईल, मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? परसात पाखरांचा पूर वाहत होता, तेव्हा तिनं उद्याची चौकशी कधी केली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघं नाला ओलांडून गेलो, जुबेदानं तिला मिठी मारली, पोर डोळ्यांनी बघून झाला, वाट्याची पिलं घरी न्यायचा आग्रहही झाला. आमच्या मातीचा अजून भरवसा नाही म्हणून सुमननं ती तिथेच राहू दिली. आमचं परस अजून रितं आहे. रोज पहाटे आम्ही जागे असतो, एकमेकांना जागे आहोत असं न सांगता, पलीकडच्या त्या एका आवाजाची वाट बघत. आणि तो येईपर्यंत जो थोडासा काळ असतो, त्यात गेलेले सगळे आवाज एकेक करून आठवत राहतात.