यंदाची पाखरं

साहेबांनी हात वर केला, तशी ती जागच्या जागी थांबली. कालव्याकाठच्या पायवाटेवर सकाळची उन्हं नुकती आली होती. साहेबांच्या डोक्यावरच्या झुडपात इवलासा शिंजीर पक्षी नुसता किंचाळत होता.

"काही ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही हो."

"संपलं सगळं." त्यांनी हात खाली घेतला. "आणखी दोन उन्हाळ्यांत कावळे तेवढे उरतील."

गल्लीत सगळेच त्यांना साहेब म्हणत, आणि लग्नानंतर तीही म्हणू लागली. उन्हाळ्यातल्या सकाळी चालता चालता पाखरं मोजायची सवय तिनेच घरात आणली होती. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानांवर पोट भरलेलं. आवाज पकडणं तिच्या हातचा मळ होता. पण मोजणी साहेबांनी कधीच ताब्यात घेतली. ती "शिंपी" म्हणाली की ते "वटवट्या" म्हणत. एकदा पाहुण्यांसमोर ते हसत म्हणाले होते, "हिला कावळा नि कोकीळ सारखेच." तेव्हापासून ती मोजायची, पण मनातल्या मनात.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या ध्यानात आलं, बारीक आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नाहीत. तिने ब्र काढला नाही. लेकीने फोनवर विचारलं, तेव्हाही म्हणाली, "छे गं, स्वच्छ ऐकू येतं त्यांना." पाखरं गेली म्हणून साहेब हळहळत, आणि ती मान डोलवी. त्यात तिला मनोमन सुख होतं.

"उद्यापासून नको यायला," साहेब म्हणाले. "मोजायला उरलंय काय? आणि तूही एकटी नको हिंडूस."

म्हणजे दिवसभर घराच्या चार भिंती, साहेब आणि त्यांचा मोठ्याने लावलेला टीव्ही.

"अहो, आहेत की," ती घाईघाईने म्हणाली. "शिंजीर ओरडतोय वर. पलीकडे चष्मेवाल्यांचा थवा आहे. भरपूर आहेत! तुम्हालाच ऐकू येत नाहीत."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता.

"आत्ता तर नाही म्हणालीस."

घरी पोचताच त्यांनी लेकीला फोन लावला. "आईला नसलेले आवाज ऐकू यायला लागलेत गं," असं काहीसं ते हळू आवाजात बोलले. म्हणजे त्यांच्या मते हळू. मग फोन तिच्या हातात दिला.

"आई, खरं का हे?"

"अगं, त्यांनाच ऐकू येत नाही."

मग लेक लहान मुलाशी बोलावं तसं बोलली, "आई, स्वच्छ ऐकू येतं असं तूच सांगितलंस ना? मी डॉक्टरांची वेळ घेते. जाशील ना?"



"जाईन," ती म्हणाली.

साहेब शेजारी येऊन बसले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"घाबरू नकोस. डॉक्टरांशी मी बोलेन. तू काही बोलू नकोस."