दोरीवरचा ओला सदरा

धाकटीनं त्या सकाळीही नवऱ्याचा सदरा धुतला, पिळला आणि दाराबाहेरच्या दोरीवर वाळत घातला. धाकटी म्हणजे त्या घरची धाकटी सून. गल्लीत तिला तेच नाव पडलं होतं. नवरा विहिरीतला पंप काढायला उतरला आणि बुडून मेला. तेव्हापासून विहीर आणि जमीन थोरल्या दिरानं दाबली होती. हिस्सा मागायचा तर दावा लावायला हवा, आणि दाव्याची फी भरायची तिची ऐपत नव्हती. म्हणून तिनं फीमाफीचा अर्ज केला. दिरानं लगेच हरकत घेतली : हिच्या घरात कमावता पुरुष आहे.

खरंखोटं बघायला कोर्टाचा कारकून आला. गवताचा भारा घेऊन येणारी शेजारीण त्याला दारातच भेटली.

"या घरातला पुरुष कुठे असतो?"

"मालक होय? रानात गेलेत. येतील दिवस मावळायला."

ती सहज बोलून गेली. बाईनं हाय खाऊन जीव देऊ नये म्हणून सगळी गल्ली नवरा जिवंत असल्यासारखंच बोलत आली होती. "मालक जेवले का गं?" कुणी विचारायचं. "आत्ताच हात धुतला," धाकटी म्हणायची आणि कामाला लागायची. बोलता बोलता ते लोकांच्या जिभेवर बसलं. काही जण तर तिच्या घरावरून जाताना आवाज खाली आणत.

कारकून आत गेला. चुलीपुढे दोन ताटं वाढलेली. एकातलं निम्मं संपलेलं, दुसरं तसंच. तो बाहेर आला आणि सदऱ्याची बाही चाचपून मागोमाग आलेल्या धाकटीला म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाचा सदरा ओला कसा?"

"धुतला म्हणून."

"मळवतं कोण?"

धाकटीनं बाही त्याच्या हातातून सोडवून घेतली.

शेजारणीनं भारा धाडकन टाकला. "साहेब, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं! ते नाहीत हो. मेले."

"आत्ता रानात होते ना, मावशी?"

"ते आपलं बोलायचं म्हणून!"

"मग मी कुठलं बोलणं धरू? हिला सांगू दे. माणूस आहे, असं लिहिलं तर माफी गेली. बोला बाई, आहे की नाही?"

"हळू विचारा," धाकटी पुटपुटली. "ऐकतील."

कारकुनाची नजर नकळत घरात गेली. आत कुणी नव्हतं. तरी पुढचं तो हलक्या आवाजात बोलला, "तुम्हीच सांगायला हवं."

तिनं पदर तोंडाशी धरला, मग सोडला.

"नाहीत. वर काढलं तेव्हा तोंड ओळखू येत नव्हतं. मी पायावरून ओळखलं."

ती हे पहिल्यांदाच बोलली होती. कारकुनानं ते लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि पाणीसुद्धा न पिता तो गेला.

माफी मंजूर झाली. त्या दिवशी शेजारीण धावतच आली. "जिंकलीस गं! आता खेच त्या थोरल्याला कोर्टात. जमीन मिळाली की काय करशील?"

"कसेन."

"एकटी?"

कुणाला तरी विचारून सांगावं तशी धाकटीनं घराकडे मान वळवली. शेजारीण वाट बघत राहिली. आतून काहीच आलं नाही.

"हो," धाकटी म्हणाली. "एकटीच."