चिंच न खाणारी मंडळी

साहेबमंडळी देश सोडायच्या गडबडीत होती, त्या साली माथेरानच्या एका बंगल्यातली तसबीर डोंगर उतरून पुण्याच्या रस्त्यावरच्या आमच्या चौकात आली. भिवाजीने ती आपल्या चहाच्या हॉटेलात टांगली. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून कागदावर छापलेली, नुसत्या काळ्या रेघांची. खाली साल १८६२. झाडाखाली एक दाढीवाला म्हातारा फिडल वाजवतोय. समोर टोपलीवाली बाई, दोन पोरी, एक कुत्रा आणि तोंडात चिलीम धरलेला जाडा गडी. सगळे कान देऊन ऐकताहेत. कुत्रा तर सगळ्यांत जास्त.

त्याच साली भिवाजीच्या लेकीचं, मैनेचं लग्न ठरलं. त्या घरचं प्रत्येक लग्न दहिवलीच्या धाकलूच्या सनईवर लागलेलं. पण पुतण्या गजा कल्याणला राहून आलेला; त्याला पितळी बँड हवा होता.

"काका, धाकलूचा दम तुटतो आता. वरातीत हसं व्हईल."

"दम तुटतो?" धाकलू उसळला. "तुज्या बापाच्या वरातीत मीच वाजवलं. घोडा नाचला, तुजा बाप पडला, पन माजा सूर नाय पडला!"

भिवाजीने तोड काढली. धाकलूने सकाळी हॉटेलात एकदा वाजवून दाखवावं. न अडखळता पार पडलं तर मांडवात सनई, नाहीतर बँड.

"ह्यो मान गेला तर पुन्ना सनई हातात धरनार नाय," धाकलू बायकोला, चंद्राबाईला म्हणाला. तिने गुपचूप सनईच्या तोंडाची पत्ती भिजवून दिली.

सारा चौक लोटला. मीही होतोच. धाकलूने सनई ओठाला लावली, आणि पुढच्या बाकड्यावरच्या गजाने खिशातून मीठ लावलेली चिंच काढली. मिटक्या मारत चोखू लागला. त्याचे दोस्तही. आता, समोर चिंच चोखणारा दिसला की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आणि तोंडात पाणी आलं की सनई संपली.

सनई म्हणाली, "फुर्र."

"अडखळला!" गजा ओरडला.

"अजून सुरवात कुटं केली? पत्ती बगत व्हतो," धाकलू मिशा पुसत म्हणाला.

चंद्राबाई पुढे आली. "अवं, त्या माकडांकडं कशाला बगता? भिंतीकडं तोंड करा. ती मानसं चिंच खात नायत."

धाकलू वळला. चौकाकडे पाठ, तसबिरीकडे तोंड.

आणि वाजवलं बघा! चुलीवर उतू आलेलं दूध परत खाली बसलं. पुण्याकडे निघालेल्या लॉऱ्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. तसबिरीतल्या म्हाताऱ्याने फिडलचा गज खाली ठेवला आणि कानाला हात लावला. गजा चिंच घेऊन धाकलूच्या पुढ्यात जायला उठला, तर भिंतीवरचा कुत्रा असा गुरगुरला, की गजाने चिंच चिंचोक्यासकट गिळली.

सनई थांबली तेव्हा भिवाजी डोळे पुसत होता. "मांडवात तूच रं, धाकलू."

"येतो. पन माजी मंडळी समोर पायजे."

म्हणून मैनेच्या लग्नात तसबीर मांडवाच्या खांबाला बांधली. मानाचा विडा धाकलूला दिला, तसा एक तसबिरीपुढेही ठेवला. थोड्या वेळाने बघतो तर विडा नाही.

तसबीर अजून भिवाजीच्या हॉटेलात आहे. सगळी काळी-पांढरी, फक्त त्या जाड्याचे ओठ तांबडे. भिवाजी म्हणतो, पोरांनी कुंकू फासलं. म्हणो बापडा. कुंकवाला कधी कातचुन्याचा वास येतो का?