एक यंत्र, चार खुर्च्या

धान संघाच्या शहापूरच्या कचेरीत संगणक येणार, ही बातमी सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी आली आणि अफवांनी तिला केव्हाच मागे टाकलं. यंत्र माणसं खातं म्हणे. चार टायपिस्टांचं काम एकटं उरकतं म्हणे. चौघींपैकी तिघी हसल्या. चौथी, रुखमा, हसली नाही. ती सगळ्यांत शेवटी लागलेली, नोकरी अजून कच्ची. कुऱ्हाड आली तर पहिली तिच्यावरच येणार होती.

नवऱ्याने टाकल्यापासून ती कारध्याला भावाकडे राहत होती. भाऊ चांगला, वहिनीही वाईट नव्हे. पण दुसऱ्याच्या घरात आधी उठायचं आणि शेवटी जेवायचं, हे कोणाला सांगावं लागत नाही. नोकरी लागली तशी ती सगळ्यांच्या पंगतीत जेवायला बसू लागली होती. तेवढं जाऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

संघाचे व्यवस्थापक टेकचंदबाबू मनाने भले, पण काही ठरवायचं म्हटलं की आधी चहा मागवत. नागपूरहून आलेल्या इंजिनिअरने त्यांना निवड समजावली. यंत्र तेच, ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवायचं, ते सांगा. डॉस घेतली तर एका वेळी एकीनेच बसायचं, पण काम झपाझप. युनिक्स घेतली तर तेच यंत्र सर्व्हर होणार, त्याला चार पडदे जोडता येणार आणि चौघी एकदम काम करणार.

सकाळी डॉस लावून पाहिली. वयाने मोठ्या शकुंतलाबाई कळफलकावर बसल्या, पावत्या भराभर निघू लागल्या, आणि बाकीच्या तिघी लग्नातल्या दूरच्या नातेवाइकांसारख्या मागे उभ्या राहिल्या. टेकचंदबाबूंना ते बघवलं नाही.

दुपारी युनिक्स लावली. चौघी चार पडद्यांपुढे बसल्या, धानाच्या वजनाच्या पावत्या चारी ठिकाणी होऊ लागल्या, आणि रुखमाच्या जिवात जीव आला. मग दिवसभराच्या बेरजांची वेळ झाली. चौघींनी एकदमच बेरजा मागितल्या आणि यंत्र अडून बसलं. पडदे ढिम्म.

"मेमरी कमी पडतेय," इंजिनिअर म्हणाला. "तीनच पडदे जोडा, धावेल."

टेकचंदबाबूंनी रुखमाकडे पाहिलं, लगेच नजर वळवली आणि चहा मागवला.

"पावत्यांनं अडते का बेरजेनं?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"बेरजेनं. बाकीचं काम आटोपल्यावर एकीनेच बेरजा केल्या, तर चारही पडदे चालतील."

म्हणजे पाचनंतर. सव्वापाचची एसटी गेली की पुढची थेट सातला. केशरबाईचं पोर लहान, मंदाबाईची सासू तिखट. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"साहेब," शकुंतलाबाई म्हणाल्या, "धानाच्या रोवणीत एखादीची पात मांगं राहिली तर तिले बांधीबाहेर काढतेत का जी? शेजारीण चार पऱ्हे लावून देते. आमी बारीबारीनं थांबू. चार खुर्च्या राहू द्या."

"सासू बोलन," मंदाबाई पुटपुटली आणि मग म्हणाली, "बोलू दे. तशीबी बोलतेच."

केशरबाईनेही मान डोलावली. टेकचंदबाबूंनी चहा यायच्या आतच युनिक्सवर सही केली, आणि त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं असावं.

चारही पडद्यांवर काम सुरू झालं, त्या संध्याकाळी पाच वाजता केशरबाई आणि मंदाबाईंनी पिशव्या उचलल्या. शकुंतलाबाई बसून राहिल्या. रुखमाही उठेना. ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही, त्या बायांनी आपल्यासाठी घरचे दोन-दोन तास सोडले होते. हे ऋण कसं फेडावं, तिला समजत नव्हतं.

"शकुंतलाबाई, तुमी जा. आता रोज मीच थांबीन. माह्यासाठी थांबून राहिल्या तुमी, तुमचे लय उपकार हायेत."

"रोज कायले?" शकुंतलाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "तू काय आमची गडीन हायेस का? तुयी बारी गुरुवारी. आज गाडी पकड अन् घरी जा."

रुखमा गाडीत खिडकीशी बसली आणि कारधा येईपर्यंत डोळे पुसत राहिली.