पांढरा उजेड

शिवणकामाचं दुकान बंद केल्यावर अप्पांनी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत जीव ओतला. नखाएवढं गुलाबी प्रवाळ आणून त्यांनी ते बशीएवढं वाढवलं. प्रवाळाला मानवतो म्हणून टाकीवर दिवसभर निळा दिवा, पांढरा जेमतेम. “पांढरा वाढवला की शेवाळाचं फावतं,” असं ते लेकीला बजावायचे.

मग डोळ्यांनी दगा दिला. निळ्या उजेडात टाकी त्यांना नुसती काळी दिसू लागली.

“पांढरा वाढव गं जरा.”

“अप्पा, तुम्हीच म्हणायचात ना...”

“माहितेय. जरासाच.”

जरासा जरासा करत पांढरा दिवा सकाळपासून झोपेपर्यंत पूर्ण जोरात जळू लागला. त्या झळाळीत प्रवाळाचा रंग उडाला, मग त्याच्यावर हिरवा थर चढला. कामावर जाण्याआधी लेक काच खरवडून ठेवायची. अप्पा काचेला नाक लावून बसायचे.

“गुलाबी आहे ना अजून?”

“आहे की.”

एका रविवारी ती पाणी बदलत होती. तिने अडवायच्या आत अप्पांनी बाही सारून हात टाकीत घातला. कापड नुसतं चाचपून ओळखणारी ती बोटं बुळबुळीत थरावर थबकली.

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दिवा बंद करायला लावला असतात. मग तुम्हाला काय दिसलं असतं?”

अप्पांनी हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी गळत राहिलं.

“खालच्या बाजूला बघ. सावलीत काही तगलंय का?”

दगडाच्या आडोशाला एक बारीक गुलाबी कड शिल्लक होती. तिने ती तोडून पिशवीतल्या पाण्यात सोडली आणि दोघं ती शोभेच्या माशांच्या दुकानात देऊन आली.

“जगवतो मी. अधूनमधून येऊन बघत जा, अप्पा,” दुकानदार म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

“येईन की,” अप्पा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि दिवा बंद केला.

“राहू दे ना चालू. तेवढंच तुम्हाला दिसतं.”

“कशाला? शेवाळाचे लाड करायला?”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हमसून रडायला लागली. अप्पांनी हात पुढे केला. तो आधी खुर्चीच्या पाठीला लागला, मग तिच्या खांद्यावर आला.