निळी रिबीन

रविताला मनालीला ट्रेकिंगला एकटीनं जायचं होतं, आणि तिच्या आईला, राजकुमारीबाईंना, ते ऐकूनच घाम फुटत होता. वाद झाले, रुसवेफुगवे झाले, शेवटी करार ठरला: आधी देवरीपलीकडचा चिचटोल्याचा डोंगर एकटीनं चढून-उतरून दाखव, मग बघू. गोंदियाच्या माणसानं मे महिन्यात डोंगर चढायचा म्हणजे विकतचं दुखणं. पण पोर हट्टाला पेटली होती. नवे बूट घेतले, मोबाइलवर वाचून नियमही पाठ केले. पहाटे चढा, पाणी जपून प्या, दुसऱ्यांनी टाकलेला कचराही खाली घेऊन या.

पायथ्याशी शेवटच्या घरातल्या दुर्पताबाईनं तिला अडवलं. वाटेच्या तोंडाशी बेहड्याच्या बुंध्याला सुंभ गुंडाळलेला होता.

"वर जाऊन राहिली ना? मंग याले पान बांध. उतरशील तवा आपल्या हातानं सोड."

"कायले?"

"बिडीचा तेंदूपत्ता तोडाले सारं गाव वर जाते. संध्याकाळी पान दिसलं का समजाचं, कोणीतरी वर राहिलं. मंग शोधाले जातो." म्हातारीनं सुंभ चाचपला. "दुसऱ्याच्या पानाले हात नोको लावू. जो सोडते, त्याच्या मांगं ते माणूस उतरते."

रवितानं हसू दाबून मोहाचं पान बांधलं आणि वाटेला लागली.

चढ सोपा निघाला. माथ्यावर मात्र पाखरू बोलत नव्हतं. सपाट खडकावर तेंदूच्या पानांचा एक पुडा पडला होता, हिरवागार, अर्धवट बांधलेला. यंदाची तोडणी संपून पंधरा दिवस झाले होते. रवितानं आईला माथ्यावरचा फोटो धाडला आणि घाईनंच उतरायला लागली. तिला तिथं बसावंसं वाटलं नाही.

खाली येऊन तिनं आपलं पान सोडलं. तेवढ्यात बुंध्याच्या मागच्या बाजूला सुंभात अडकलेलं काहीतरी निळं दिसलं. प्लास्टिक! नियम म्हणजे नियम. तिनं ओढून काढलं. विटलेली रिबीन होती, आणि तिच्या आत पानाची नुसती जाळी उरली होती. तिनं ती पिशवीत कोंबली.

मागं पाचोळा वाजला. ती थांबली तसा आवाज थांबला. ती चालू लागली तसा पुन्हा वाजू लागला. वारा नव्हता. भर अकराच्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला आणि ती पळतच दुर्पताबाईच्या अंगणात शिरली.

म्हातारीनं पाण्याचे दोन गिलास आणले.

"दोन कायले, मावशी?"

दुर्पताबाई तिच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर रविताच्या खांद्यामागं होती. मग ती पिशवीतून लोंबणाऱ्या रिबिनीवर आली, आणि म्हातारी मटकन खाली बसली.

"माह्या पोरीची, दामिनीची हाये. नऊ वर्सं झाली, पत्ता तोडाले गेली थे आलीच नाही. सारं जंगल धुंडलं. पान मी सोडलं नाही. एक दिवस आपल्या पायानं येईल, आपल्या हातानं सोडंल म्हणून."

"मले कचरा वाटला वो, मावशी." रविताला रडू फुटलं. "परत बांधून येते ना."

"उतरलेलं माणूस कायले वर जाईल?"

म्हातारी उठली. रिकाम्या हवेत, सोळा वर्षांच्या पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तिनं हात ठेवला. "दामिनी, घरात चाल. पाणी पी." बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग हात खाली आला.

"नाही आयकत. पान तुवं सोडलं, तुह्याच मांगं येते थे."

दुर्पताबाईनं पदरानं डोळे पुसले आणि लेक सासरी धाडावी तशी सांगू लागली, "तिखट नाही खात. उशी नाही लागत तिले. पण अंधाराले लय भेते वो. तेवढा दिवा ठेवजा."

रस्त्यावर आल्यावर फोन वाजला. राजकुमारीबाईंचा आवाज आनंदानं फुलला होता. "उतरली का? जिंकली बाई तू! येऊन राहिली ना एकटी?"

रवितानं मागं वळून पाहिलं. फुफाट्यात तिच्या नव्या बुटांचे ठसे होते, आणि त्यांना लागून, पावलाला पाऊल, अनवाणी पायांचे.

"आई," ती म्हणाली, "आजपासून रात्री दिवा मालवू नको."